आजार ज्याचा, त्याला आधी सांगा

कर्करोगाच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात तपासणीच्या खोलीबाहेर एक प्रसंग रोज घडतो. रुग्णाचा नंबर लागायच्या आधी मुलगा किंवा जावई पुढे होतो, दार अर्धवट लोटून डॉक्टरांना हलक्या आवाजात सांगतो, ‘आईला काही कळू देऊ नका. साधी गाठ आहे, असंच सांगितलंय आम्ही.’ आई बाहेर बाकावर फाइल मांडीवर धरून बसलेली असते. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली बाई, पलीकडे नाकात नळी घातलेला माणूस. लेक आत काय बोलला ते तिला ऐकू आलेलं नसतं. पण आपल्याला कुठे आणलंय, हे तिला केव्हाच उमगलेलं असतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं तरी अख्ख्या आळीला आजार कळतो. तो कळलेला नाही, असं फक्त रुग्णाने दाखवायचं असतं.

हे लपवणं प्रेमापोटी असतं, यात शंका नाही. आणि हीच घरं या आजारापुढे जी हिंमत दाखवतात, ती पाहणाऱ्याला थक्क करते. जमीन गहाण पडते, दागिने मोडले जातात, कॉलेजात जाणारी मुलगी सगळा स्वयंपाक अंगावर घेते, भाऊ कामावर पाणी सोडून सोबतीला येतो. टाटा रुग्णालयाच्या आसपास, मुंबईच्या परळ-दादर परिसरात अशी माणसं रोज भेटतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं असतं, कुणी नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात, आणि जागा मिळेपर्यंत कुणी चक्क फुटपाथवर. केमोचा दिवस असला की पहाटे उठून भात शिजवायचा, डबा भरायचा, रांगेत जाऊन बसायचं. ‘काउंट आले का?’, म्हणजे रक्तपेशींचे आकडे आले का, हा तिथला रामराम. ओळख ना पाळख, पण विदर्भातला शेतकरी बिहारमधल्या मास्तरांना फॉर्म भरून देतो, त्यांच्या पोराला खाऊ आणून देतो.

एवढ्या धैर्यातही एक गोष्ट राहून जाते. ज्याच्या शरीरासाठी हे सगळं चाललेलं असतं, त्यालाच निर्णयातून बाजूला ठेवलं जातं. तपासणीचा अहवाल मुलगा वाचतो, उपचार जावई ठरवतो, खर्चाचा हिशेब भाऊ करतो आणि रुग्णाच्या वाट्याला ‘तू काळजी करू नकोस’ एवढंच वाक्य येतं. कर्करोगाला सन्मानाने सामोरं जायचं असेल, तर सुरुवात इथेच बदलायला हवी. रुग्णाला, त्याला हवं तेवढं आणि त्याला झेपेल त्या गतीने, खरं सांगितलं गेलं पाहिजे.

हा मोजक्या घरांपुरता प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक माणसं त्याने दगावली. म्हणजे वर्षाला १४ लाख घरांत ‘कसं सांगायचं’ आणि ‘सांगायचं का’ हे प्रश्न उभे राहतात. त्यांचं उत्तर बहुतेक घरं घाईत, घाबरलेल्या मनाने आणि कुणाच्याही मार्गदर्शनाविना शोधतात.

न सांगण्याची किंमत आधी उपचारांतच मोजावी लागते. ‘साधी गाठ आहे’ असं ऐकलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या सलाईननंतर विचारतो, ‘साध्या गाठीला एवढं कशाला?’ उलट्या होतात, तोंड येतं, केस जातात, आणि हे सगळं कशासाठी सोसायचं ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग तो हट्टाने उपचार अर्धवट सोडतो. घरचे म्हणतात, ऐकतच नाहीत. पण काय ऐकायचं, हे रुग्णाला माहीत कुठे असतं?

तापाचं उदाहरण घ्या. केमोनंतर साधारण आठ ते चौदा दिवसांच्या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप हा नेहमीचा ताप नसतो. तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावं लागतं, नाहीतर जंतुसंसर्ग जिवावर बेततो. ज्याला आपला आजार आणि आपलं औषध ठाऊक आहे, तो रात्री अंग तापल्याबरोबर घरच्यांना उठवतो. ज्याला ‘ताकदीचं सलाईन’ म्हणून सांगितलेलं आहे, तो एक गोळी घेऊन पांघरुणात शिरतो आणि सकाळची वाट बघतो.

दुसरी किंमत एकटेपणाची. नवरा-बायको चाळीस वर्षं एका छताखाली राहिलेले. पण आता दोघंही एकमेकांसमोर नाटक करतात. त्याला कळलेलं असतं, तिला कळलेलं असतं, आणि तो विषय निघू नये म्हणून दोघं टीव्हीचा आवाज वाढवतात. सातबाऱ्यावरचं नाव, बँकेतला वारस, धाकटीचं लग्न, वीस वर्षं अबोला धरलेल्या भावाला बोलावून घेणं, अशी कितीतरी कामं माणसाला स्वतः करायची असतात. ती त्याच्या हातून काढून घेतली जातात. नंतर घरचे हळहळतात की बाबांच्या मनात काय होतं ते विचारायचंच राहिलं. विचारायला वेळ होता. मोकळीक नव्हती.

‘आपल्याकडची पद्धतच तशी आहे, हे पाश्चात्त्यांचं खूळ आपल्याला नको,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. इतिहास मात्र वेगळं सांगतो. १९६१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांची एक पाहणी तिथल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगणं बरं, असं त्यातल्या सुमारे ९० टक्के डॉक्टरांचं मत होतं. त्यांची कारणं आपल्याकडे आज ऐकू येतात तीच होती: रुग्ण खचेल, आशा सोडेल. १९७९ मध्ये तशीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत अमेरिकी माणसाची संस्कृती बदलली नव्हती. मधल्या काळात उपचार सुधारले, रुग्णांचे हक्क मान्य झाले आणि डॉक्टर बोलायला शिकले. जे तिथे शिकता आलं, ते इथेही शिकता येईल.

आपला कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिलेला निकाल प्रत्येक घराने जाणून घ्यावा असा आहे. या बाई तपासणीसाठी दाखल झाल्या होत्या. त्या भुलीखाली असताना त्यांच्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. प्रकरण कर्करोगाचं नव्हतं, पण प्रश्न हाच होता: सज्ञान, विचार करू शकणाऱ्या माणसाच्या शरीराबद्दल दुसऱ्याने होकार द्यायचा का? जीव वाचवण्याची तातडी नसेल, तर आईचीही संमती चालणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. संमती खरी ठरायची असेल, तर रोग काय, उपचार काय, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे रुग्णाला पुरेसं सांगितलेलं असलं पाहिजे. तरीही रोज हजारो संमतिपत्रकांवर सह्या होतात आणि सही करणाऱ्याला आपण कशाला होकार दिला ते ठाऊक नसतं.

कायद्याचा धाक दाखवून मात्र हा प्रश्न सुटणार नाही, कारण त्याच्या मुळाशी भीती आहे. खरं कळलं की माणूस लवकर जातो, असं मनापासून मानणारी घरं पुष्कळ आहेत. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झालेला एक अभ्यास त्यांनी पाहावा. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले गेले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळाले; एका गटाला मात्र सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचे डॉक्टर आणि परिचारिकाही भेटत राहिल्या. आजार कुठवर आलाय, पुढे काय होऊ शकतं, तुम्हाला काय हवंय, यावर ते रुग्णांशी मोकळेपणाने बोलले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गटातले रुग्ण कमी उदास होते, शेवटच्या काळात जबर उपचारांच्या मागे कमी लागले, आणि तरीही सरासरीने जास्त जगले. दुसऱ्या गटातल्या सुमारे नऊ महिन्यांच्या तुलनेत सुमारे साडेअकरा महिने. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही. पण बोलण्याने आयुष्य घटतं, या समजुतीला त्यात कुठेही आधार सापडत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर घरं आणखी घाबरतात. प्रत्यक्षात मुलं सगळं टिपत असतात. सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून उपचारांसाठी मुंबईत आलेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना फुकट निवारा देते. पुढे इतर शहरांतही तिची केंद्रं झाली. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली, शिधा, आणि सामायिक स्वयंपाकघरात स्वतःची चूल. तिथे सात-आठ वर्षांची पोरं आपल्या रक्तातल्या प्लेटलेट्सचा आकडा शाळेतल्या मार्कांसारखा पाठ सांगतात. मास्क का लावायचा, बाहेरचं का खायचं नाही, हे एक मूल दुसऱ्याला बजावतं. माहिती मिळाली म्हणून ती कोमेजत नाहीत. मोठी माणसं कोपऱ्यात जाऊन कुजबुजतात, त्याची भीती त्यांना जास्त वाटते.

अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी जुलै २०१८ मध्ये आपला कर्करोग जाहीर केला, तेव्हा त्यांचा मुलगा तेरा वर्षांचाही झालेला नव्हता. त्याला कसं सांगायचं, याची घालमेल त्यांनी पुढे जाहीरपणे लिहिली. मुलाशी आजवर मोकळेपणाने वागलो, आताही तसंच वागायचं, असं ठरवून त्यांनी आणि त्यांच्या पतीने त्याला खरं सांगितलं. त्याने ते समजून घेतलं. इतकंच नव्हे, कधीकधी तोच पालक होऊन आपल्याला करायच्या गोष्टींची आठवण करून देतो, असं त्यांनी नोंदवलं. कर्करोग असलेल्या आईवडिलांना मुलांशी कसं बोलावं हे सुचत नसेल, तर या एका उदाहरणातून बरंच शिकता येतं.

ओळखीच्या चेहऱ्यांनी बोलण्याचा उपयोग होतो तो असा. शरद पवार यांच्या तोंडाच्या कर्करोगावर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. कृषिमंत्री असताना दिवसाचा पूर्वार्ध कामात आणि दुपार उपचारांत जायची, हे त्यांनी सांगितलंय. सुपारीच्या व्यसनाबद्दल वेळीच कुणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं, हेही त्यांनी जाहीर कार्यक्रमात बोलून दाखवलंय. अभिनेते शरद पोंक्षे यांनी आपल्या आजारावर ‘दुसरं वादळ’ हे पुस्तकच लिहिलं. अतुल परचुरे यांनी २०२३ मध्ये मुलाखतींतून आपल्या आजाराची आणि उपचारांची हकिगत मोकळेपणाने सांगितली. रंगमंचावर परतायची तयारी चालू असताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. ते गेले म्हणून त्यांची हिंमत उणी ठरत नाही. आजार बरा होणं हे पेशींवर, टप्प्यावर, उपचारांवर अवलंबून असतं. ‘मनात आणलं तर कर्करोग हरतो’ असं सांगणारे लोक नकळत मृताच्या माथी मन कमी पडल्याचा ठपका ठेवतात, आणि तो त्याच्या घरच्यांना आयुष्यभर टोचतो.

मोकळेपणाने बोलण्याचा फायदा त्या एका घरापुरता राहत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगावी कार्यकर्ते जायचे, नोंदी घ्यायचे आणि त्याच वेळी अंगावरून जाणं, पाळीबाहेरचा रक्तस्राव, तोंडातली न भरणारी जखम यांबद्दल लोकांशी बोलायचे. यात ना मोठं यंत्र होतं, ना महागडं औषध. तरी काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या, बऱ्या होण्याजोग्या टप्प्यात येण्याचं प्रमाण वाढलं. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांना सामावून घेणारा अभ्यास झाला. एचपीव्ही या विषाणूच्या एकाच तपासणीने त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला कळलं. या अभ्यासाची दखल जगभर घेतली गेली. पण त्याची पहिली अट काय होती? ज्या जागेचं नावही घेतलं जात नाही, त्याबद्दल बायकांनी अनोळखी कार्यकर्तीशी बोलायला तयार होणं.

जिथे बोललं जात नाही, तिथे काय होतं तेही दिसतं. छातीतली गाठ हाताला लागूनही बाई दिवाळी होऊ दे, पोरीचं बाळंतपण होऊ दे, असं म्हणत महिने काढते. तुकडा तपासायला काढला की आजार पसरतो, ही समजूत आजही घट्ट आहे. कर्करोग शिवल्याने किंवा सोबत जेवल्याने लागत नाही हे ठाऊक असूनही ताट-वाटी वेगळी ठेवली जाते. आईचा आजार मुलीच्या लग्नाच्या आड येईल, या भीतीने सोयरीक जुळेपर्यंत तो दडवला जातो. या प्रत्येक लपवाछपवीत महिने जातात, आणि या आजारात महिने फार महागात पडतात.

मग सांगायचं तरी कसं? त्याचं शास्त्र आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० साली मांडलेली सहा पायऱ्यांची पद्धत आज जगभर शिकवली जाते, आणि तिचा गाभा अगदी साधा आहे. बसून बोलायचं, उभ्याउभ्या नाही. आधी विचारायचं, मग सांगायचं. ‘काका, तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असेल?’ या प्रश्नाला अनेक रुग्ण स्वतःच उत्तर देतात, ‘वाईटच असणार ना?’ मग दुसरा प्रश्न: ‘सगळं तुम्हाला सांगू, की तुमच्या मुलाशी बोलू?’ त्यांनी ‘मुलाशी बोला’ म्हटलं, तर तोही त्यांचाच निर्णय. सगळं जाणून न घेण्याचाही हक्क असतो आणि तो पाळायलाच हवा. फरक एवढाच, की तो निर्णय रुग्णाला विचारून व्हावा, दाराआड नव्हे. सांगितल्यावर लगेच उपायांचा पाढा वाचायचा नाही. समोरच्याला रडू द्यायचं, गप्प बसू द्यायचं. किती दिवस राहिलेत, असं विचारलं तर तारीख द्यायची नाही. ती कुठल्याच डॉक्टरला ठाऊक नसते. पण ‘काही होत नाही’ असंही म्हणायचं नाही.

हे सगळं एकट्या डॉक्टरने ओपीडीच्या गर्दीत करावं, ही अपेक्षा अवाजवी आहे. सकाळपासून शंभर रुग्ण तपासणाऱ्या माणसाकडे अर्धा तास कुठून येणार? म्हणून समाजसेवा विभागातले कार्यकर्ते, समुपदेशक आणि आजारातून उठलेली माणसं यांना उपचारांचा भाग मानलं पाहिजे. मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या व्ही केअर फाउंडेशनची उभारणी कर्करोगातून बरं झालेल्या वंदना गुप्ता यांनी केली. आजार भोगलेला स्वयंसेवक बाकावर शेजारी येऊन ‘मलाही झाला होता’ असं म्हणतो, तेव्हा त्याचा जो परिणाम होतो, तो कुठल्या पत्रकाने होत नाही. वैद्यकीय शिक्षणानेही उशिरा का होईना पाऊल उचललंय. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा शिकवण्याचा विषय झाला आहे. त्याची तयारी परीक्षेपुरती राहू नये.

खरं सांगितल्यानंतरचं काम घरात सुरू होतं आणि तिथे सन्मान अगदी छोट्या गोष्टींत असतो. तोंडाच्या किंवा छातीच्या कर्करोगाची जखम उघडी पडली की तिला वास येतो. माणसं यायची थांबतात, नातवंडं खोलीत फिरकत नाहीत, आणि रुग्ण लाजेने स्वतःच दार लावून घेतो. मेट्रोनिडॅझोल ही स्वस्त गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकली की हा वास बराच कमी होतो, ही गोष्ट पॅलिएटिव्ह केअरच्या परिचारिका घरच्यांना पहिल्यांदा शिकवतात. काही रुपयांच्या गोळीने आजोबा पुन्हा ओसरीवर येऊन बसू शकतात.

नाकातल्या नळीने भरवणंही असंच शिकावं लागतं. डोकं-खांदे उशांनी उंच करायचे. पेज, डाळीचं पाणी, दूध मिक्सरमधून काढून गाळून घ्यायचं. सिरिंजमधून ते सावकाश सोडायचं, घाई करायची नाही. शेवटी कोमट पाणी सोडून नळी धुवायची आणि माणसाला लगेच आडवं करायचं नाही. पुण्यात वारज्याला १९९७ पासून चालणाऱ्या सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केअर केंद्रात रुग्णाबरोबर नातेवाईकालाही ठेवून घेतात आणि हे सारं हात धरून शिकवतात. पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याची शाखा गोव्यातही आहे. अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. धडगाव, गडचिरोली किंवा सावंतवाडीच्या पलीकडच्या वाडीतल्या माणसाने कुठे जायचं?

आणि वेदना. कर्करोगाची बहुतेक दुखणी तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनने आटोक्यात येतात. औषध स्वस्त आहे आणि ते ज्यापासून बनतं ती अफू भारतात कायद्याने पिकवली जाते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला आणि वाट मोकळी केली. पण एका पिढीतल्या डॉक्टरांचा हात त्या औषधापासून तुटला तो तुटलाच. घरांतही भीती आहेच: सवय लागेल, मॉर्फिन म्हणजे शेवट. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्यासाठी, ठरल्या वेळी घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणं विरळा. बद्धकोष्ठ होतं, म्हणून सोबत रेचक देतात. रात्रभर कण्हणारा माणूस चार तास झोपला की त्याच्याबरोबर अख्खं घर झोपतं. वेदनेने विव्हळणाऱ्या माणसाकडून धैर्याची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. त्याला आधी औषध मिळायला हवं.

या सगळ्यात जिचं नाव कुठल्याच फाइलवर नसतं, ती म्हणजे शुश्रूषा करणारी बाई. बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा लेक. आजार लपवायचा ठरला की सर्वांत मोठा भार तिच्यावर पडतो. दिवसभर हसतमुख राहायचं, रडायचं ते न्हाणीघरात. नवऱ्याला खरं माहीत असेल, तर निदान दोघांना मिळून रडता येतं, भांडता येतं, ‘माझ्यामागे काय करशील’ असं त्याला विचारता येतं. घरातल्या इतरांनी तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून दिली, एक रात्र जागरण वाटून घेतलं, तर ती मदत ‘काही लागलं तर सांग’ या वाक्यापेक्षा कितीतरी मोलाची.

शेवट कसा व्हावा, हे ठरवण्याचा हक्कही आता कायद्याने मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे उपचारांविषयी आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली; आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती करता येते. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठातले न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतः पुढे होऊन आपलं असं इच्छापत्र नोंदवलं. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, शेवटचे दिवस घरी काढायचे की अतिदक्षता विभागात, हे माणूस आधी सांगू शकतो. मात्र त्यासाठी त्याला आपल्या आजाराची कल्पना हवी. ज्याच्यापासून निदानच दडवलं, त्याचा हा हक्क कागदावरच राहतो, आणि मग काचेच्या दाराबाहेर उभी असलेली मुलं आपसांत वाद घालतात की बाबांना काय हवं असेल.

रुग्णाला विश्वासात घेण्याची सुरुवात राज्य सरकारने आणि रुग्णालयांनी केसपेपरपासून करावी. नाव, वय, पत्ता, रक्तगट यांच्या खाली तीन रकाने वाढवावेत: रुग्णाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचं आहे, निर्णय घेताना सोबत कोण हवं, आणि कुणाला सांगू नये. ही माहिती रुग्णाला विचारूनच भरावी, सोबतच्या माणसाला विचारून नव्हे, आणि उपचारांच्या प्रत्येक टप्प्यावर ती पुन्हा विचारावी, कारण माणसाचं मन बदलतं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दार लावून बोलता येईल अशी एक खोली, एक प्रशिक्षित समुपदेशक आणि मॉर्फिनचा न तुटणारा साठा असावा. देशाचा पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे, त्यामुळे नवी योजना आखण्याचीही गरज नाही. येत्या अर्थसंकल्पात राज्याने त्याला पैसा आणि माणसं द्यावीत, आणि कुठल्या जिल्ह्यात यातलं काय सुरू झालं, काय नाही, याची यादी दरवर्षी लोकांसमोर ठेवावी.